सत्तर किलोंचा वाटाणा

ग्रोशेक म्हणजे आमच्या भाषेत वाटाण्याचा दाणा.
नाव ठेवलं तेव्हा तो नऊ किलोंचा होता
आणि माझ्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसून झोपला होता.
ग्रेट डेन. पांढराफटक, नाकाजवळ एक काळा शिंतोडा,
दोन्ही कानांनी ठार बहिरा.
विकणारा म्हणाला, पैसे नकोत बाई,
फक्त परत आणू नका.

शेजारचे त्सेझरी म्हणाले, यादविगाबाई, वेड लागलंय तुम्हाला.
तिसरा मजला, दोन खोल्या,
आणि त्यात हे ऐकू न येणारं घोडं!
त्यांचा डॅशहुंड दिवसभर भुंकतो.
त्याला सगळं ऐकू येतं.

मी काही बोलले नाही.
एकतीस वर्षं श्टेचिनच्या गोदीत क्रेन चालवली मी,
चाळीस मीटर वर, काचेच्या पिंजऱ्यात.
खाली घण, भोंगे, पत्रे कापणारी यंत्रं;
देवानं हाक मारली असती तरी वाया गेली असती.
खाली एक माणूस उभा असायचा, केशरी हातमोज्यांचा.
तर्जनी वर, गोल गोल : उचल.
तळवा खाली : उतरव.
मूठ : आहे तिथे, आहे तस्सं.
त्या दोन हातांच्या भरवशावर
जहाजांचे तुकडे उतरवलेत मी, नव्वद नव्वद टनांचे,
कपबशी ठेवावी तसे.

म्हणून कपाटातून जुने हातमोजे काढले.
आता खाली मी.

नऊ किलोंना जे गोड वाटतं
ते सत्तर किलोंना हाडं मोडतं,
तेव्हा 'नाही' म्हणायचं ते नऊ किलोंनाच.
अंगावर उडी नाही. दारातून आधी मी.
ताटली समोर असली तरी मूठ उघडेपर्यंत
लाळ गळो खुशाल, पाऊल नाही.
जेवल्यावर तासभर धावणं नाही, आतडं पिळवटतं.
आणि दोरीला हिसका कधीच नाही :
हिसका दिला की वजन झुलतं,
झुलणारं वजन कुणाचंच ऐकत नाही,
कान असोत नसोत.

सगळ्यात उशिरा शिकला ते बघणं.
दर दहा पावलांवर मान वळवायची,
मी आहे का ते बघायचं, माझा हात काय म्हणतो ते बघायचं.
दोन हिवाळे गेले त्यात, आणि किती किलो उकडलेली कलेजी
ते माझा कोटाचा खिसा सांगेल. अजून वास जात नाही.

शेपटीचं मात्र काही करता आलं नाही.
आनंद झाला की ती भिंतीवर आपटायची, टोक फुटायचं,
स्वयंपाकघरात छतापर्यंत रक्ताचे थेंब.
पाइपांना लावतात तो फोम गुंडाळला,
तोही आनंदानेच फाडला.
मीटर बघायला आलेल्या पोराने भिंती पाहिल्या,
आकडा टिपला,
आणि पाणीसुद्धा न मागता गेला.

रात्री माझ्या सपातांवर पंजा ठेवून झोपतो.
मी उठले तर कळावं म्हणून.
मला वाटतं, मी उठले नाही तरी कळावं म्हणूनही.

यंदा सात वर्षं. मागचे पाय गेले.
फेब्रुवारीत लिफ्ट बंद पडली, अंगणात काचेसारखा बर्फ,
आणि आम्ही दवाखान्यातून परतलेले.
त्सेझरी आले, त्यांचा मेहुणा आला, पोस्टमन थांबला,
चौथ्या मजल्यावरचा तुआन परीक्षेचा अभ्यास टाकून आला.
चौघांनी ताडपत्रीची चार टोकं धरली.
ग्रोशेक थरथरत होता. अधांतरी असणं
त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मी वरच्या पायऱ्यांवर गेले, हातमोजे चढवले,
तर्जनी गोल फिरवली.
तो माझ्याकडे बघत वर येऊ लागला,
एकदाही नजर न काढता,
जशी मी काढत नसे.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुआनचा पाय सरकला.
ताडपत्री कलली, मेहुणा ओरडला,
बंद दाराआड डॅशहुंड भुंकत सुटला.

मी मूठ मिटली.
पाचही जण थांबले.