न बसवता वापरून पाहा

चेस्टनटच्या पिंपांमागे पडला होता तो.
अकरा वर्षांचा लॅपटॉप, एक जीबीची रॅम,
झाकणावर सायडरचा आंबूस डाग.
"नेल, याला एकदा बघ," ओल्विदोमावशी म्हणाली,
"सुरू करते, तर कॉफी निवते.
परवा तर चर्च सुटून माणसं घरी पोचली."

मी खिशातून पेनड्राइव्ह काढला.
हलकं लिनक्स. अंथरूण पाहून पाय पसरणारं,
अर्ध्या भाकरीवर कामाला उभं राहणारं.
भाषांची यादी आली. सवयीनं मी
थेट स्पॅनिशवर उतरलो.
तिनं मनगट धरलं माझं.
"वर जा. अजून वर. ते काय होतं?"

आस्तुरियानु.

चाळीस सेकंद, आणि डेस्कटॉप.
खाली एक पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू,
उजवीकडे घड्याळ, दोन तास मागे.
काही उडत नाही, घसरत नाही,
तुम्हाला काय आवडेल ते कुणी परस्पर ठरवत नाही.
खिडकीला चौकट, चौकटीला फुली.
"हे बरं," ती म्हणाली, "मिठाची बरणी
कालच्याच फळीवर."

फुलीवर बाण नेला
तर खाली बारीक अक्षरं उमटली :
थार्रार.
म्हणजे बंद कर.

मावशी वाकली. चष्मा वर केला, खाली केला.
हा शब्द ती पिंपाच्या तोटीला म्हणते,
कोंबड्यांच्या दाराला, माझ्या तोंडाला.
सहा वर्षांची असताना वर्गात म्हणाली
तर बाईंनी उलट्या हातावर पट्टी मारली होती :
गोठ्यातलं बोलणं गोठ्यात.
"आणि हा कुणी छापला?"
असेल कुणीतरी, मी म्हटलं. रात्री बसून, फुकट.
तिनं खिडकी बंद केली, उघडली, बंद केली.
सात वेळा. मी मोजत होतो.

मेनूत पुढं गेलं की भाषा विरत जायची.
तीन ओळी आमच्या, मग एक इंग्रजी,
मग सगळ्याच इंग्रजी.
"इथं जेवायला उठला असेल तो," मावशी म्हणाली,
"आणि बोलावलं नाही कुणी परत."

त्या रात्री तिनं हंगामाचा हिशेब टंकला एका बोटानं.
शेनारोची सफरचंदं चारशे किलो, पैकी वीस किडकी,
त्याला वीस मान्य नाहीत, बारा म्हणतो.
सकाळी यंत्र उघडलं तर पाटी कोरी.
माझीच चूक. सांगायचं राहिलं होतं
की वापरून पाहताना काही साठत नाही,
दिवा मालवला की सगळं गेलं.
मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.
ती हसत सुटली.
ओल्विदो म्हणजे विसर. बापानं ठेवलेलं नाव.
"माझ्याच कुळातलं निघालं की रे हे."
मग गंभीर होऊन, "बसव."

बसवायचं तर जुनी डिस्क पुसावी लागते.
पडद्यानं विचारलं. परत विचारलं.
आत होतं काय? चार व्हायरस,
ओव्हिएदोला गेलेल्या मुलाचे अर्धवट खेळ,
कुठल्याशा लग्नातले डोळे मिटलेले फोटो.
मावशीनं बाटली डोक्यावर धरली,
पेला मांडीपाशी, आणि न बघता धार सोडली.
एका दमात प्यायली. तळाशी उरलेलं
आमच्या रीतीनं जमिनीवर भिरकावलं,
पुढच्या ओठांसाठी काठ धुऊन.
"पुस."

आता घड्याळ बरोबर आहे.
शेनारोचे वीस किलो कायमचे नोंदलेत.
भाकरीच्या पिशवीच्या पाठीवर तिनं
इंग्रजी राहिलेल्या ओळी उतरवून घेतल्या,
त्यांपुढं आपले शब्द, पेन्सिलीनं. एकतीस झाले.
मी ते पाठवायचे आहेत, कुठं ते शोधतोय.
बत्तिसावा अडलाय :
"पुन्हा सुरू करा" याला आपल्यात काय म्हणतात
यावर तिचं आणि शेनारोचं
मंगळवारपासून भांडण चालू आहे.