एकक

तिसऱ्या वर्षाचा वर्ग, दुपारी दोनचा तास,
पोटात सोलकढी, बाहेर कातळ तापलेला.
मी फळ्यावर अणुभट्टी काढतो:
इंधनाच्या कांड्या, वाफ, टर्बाइन,
आणि शेवटी, जागा उरत नाही म्हणून
अगदी कडेला दाबून, समुद्र.
दोन नागमोडी रेघा.

"शंभर भाग उष्णतेतले तेहेतीस तारेत जातात,
सदुसष्ट इथे," मी म्हणतो
नि खडू त्या रेघांवर टेकवतो.
"पाणी आत येतं तसंच बाहेर जातं,
फक्त सात अंशांनी कोमट."
नेमकी तेव्हाच वीज जाते.
पंखे थकत थकत थांबतात. वर्ग हसतो, मीही.

त्या शांततेत तंझिला मिरकर उठते.
"सर, सात अंश कुठवर?"
म्हणजे?
"किती वावांवर?"

मागचा बाक खिदळतो.
कराडहून आलेल्या पोराला वाटतं, वाव म्हणजे संधी.
मी दोन्ही हात पसरून दाखवतो,
या बोटापासून त्या बोटापर्यंत, छातीवरून:
एवढा. दोर असा मोजतात.
अठरा वर्षांत पहिल्यांदाच वर्गात
असा उभा राहिलो,
समोर कवटाळायला कुणी नसताना.

तिचा बाप म्हणे जाळं सोडण्याआधी
हात कोपरापर्यंत बुडवतो
आणि सांगतो, आज बांगडा वर आहे की खाली.
आमच्या पुस्तकात या उपकरणाची आकृती नाही.
मी सांगितलं: भरती-ओहोटी हिशेबात धरतात,
मर्यादा ठरलेली असते, मोजणी होते.
सगळं खरंच सांगितलं.
वीज आली, म्हणून ती बसली.

सत्रपरीक्षेत गणित घातलं:
बाहेर सोडलेलं पाणी किती अंतरावर
एका अंशाच्या आत येईल?
सत्तावन्न उत्तरं मीटरमध्ये. बरीचशी चूक.
एक: नऊशे साठ वाव.
एक पूर्णांक आठने गुणून पाहिलं. बरोबर.
खाली पेन्सिलीनं लिहून खोडलेलं, तरी वाचता येणारं:
आमची जाळी सहाशेपासून.

एकक चुकलं की अर्धा गुण वजा.
नियम मीच केलेला.
लाल पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं,
एक ठिपका पसरत गेला.
मग कापला अर्धा गुण.

पुढच्या वर्षाच्या टिपणवहीत, पहिल्याच पानावर,
लिहून ठेवलंय:
आधी समुद्र काढणे.
भट्टी, उरलेल्या जागेत.