खरं लोखंड लागेपर्यंत

उल्व्हरस्टनच्या वरच्या अंगाला, मेंढ्यांच्या गोठ्यात
सत्तावीस वर्षं उभी होती ती:
मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, सन एकोणीसशे सदुसष्ट,
मागच्या निम्म्या अंगाला लाकडाची चौकट,
लाकडावर शेवाळ,
शेवाळात अळंबीच्या तीन छत्र्या, अगदी टुमदार.
चारशे पौंड मोजले.
मालकीणबाई म्हणाल्या, गाडी खुशाल न्या,
मागच्या सीटवरच्या कोंबडीला मात्र हात लावायचा नाही.

घरी आणून बघते तर निम्मी गाडी गाडीच नव्हती.
फ्रिजवरची चुंबकाची कोल्हापुरी चप्पल काढली,
दारावरून फिरवत गेले,
चिकटली, चिकटली,
मग सरळ घसरून माझ्या पायावर.
तिथे पुट्टी.
कुणीतरी कधीतरी भोकात वर्तमानपत्र कोंबून
वरून रंग मारलेला.
वर्तमानपत्रात हवामान: दुपारनंतर उघडीप.

मीही तेच करणार होते, खोटं कशाला बोलू.
डबा फोडलाही होता.
शेजारचे विल्फ पॉसलथ्वेट कुंपणावरून बघत होते,
बॅरोच्या गोदीत एक्केचाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस.
म्हणाले, "गंजाला टाका बसत नाही, पोरी.
खरं लोखंड लागेपर्यंत कापत जायचं."
"आणि लागलंच नाही तर?"
"लागतं. कुठंतरी लागतंच."

मग तो सगळा हिवाळा.
हॉस्पिटलातून सुटले की गराजमध्ये दिवा,
विल्फ छोटी हातोडी घेऊन, कान तिरका करून,
टण्, टण्, टण्,
थप्प.
"इथं."

मिरजेला आमच्या मागच्या गल्लीत सतारी करणारे
असंच भोपळ्यावर बोट मारून ऐकायचे,
मी दप्तर पायाशी टाकून उभी राहायचे
आणि घरी उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खायचे.
विल्फना हे सांगितलं.
भोपळ्याचं वाद्य त्यांना काही पटलं नाही,
ऐकणं पटलं.

माझा पहिला टाका बघून म्हणाले, "कबुतर बसून गेलं काय?"
चाळीसावा बघून म्हणाले, "बरं."
'बरं'च्या वरचा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी,
मी बाहेर जाऊन पुढचं नाव पुकारलं आणि तेच उठले.
निळा गाऊन. मागची नाडी त्यांना बांधता येईना.
मी बांधली.
हनुवटी इथे, खांदे पुढे.
श्वास घ्या. धरून ठेवा.
सोडा म्हणायला मला जरा उशीर झाला.

एकोणीस वर्षं मी लोकांचं आतलं बघते.
काय दिसलं ते सांगायचं नसतं,
सांगणारी माणसं वेगळी असतात, त्यांना त्याचा वेगळा पगार असतो.
शर्टाची बटणं लावता लावता विल्फनी विचारलं,
"किती गंज?"
"डॉक्टर सांगतील. आठवड्याभरात पत्र येईल."
माझं हे वाक्य त्यांनी ऐकलं
कान तिरका करून.

संध्याकाळी सहाला आले, रोजच्यासारखे.
अ‍ॅशच्या लाकडाची नवी चौकट बसवायची होती.
तासभर आम्ही फक्त स्क्रूंविषयी बोललो.
पितळी की स्टीलचे, यावर चांगले भांडलो.
ते पितळीवर अडून बसले.
पितळी टिकतात, म्हणाले.

एप्रिलात इंजिन लागलं.
चार सेकंद, फार तर पाच.
मागून निळा धूर,
आणि हीटरच्या जाळीतून भसकन कोंबडीची पिसं,
गराजभर.
एक विल्फच्या टोपीवर बसलं.
मग बंद.
"बरं," विल्फ म्हणाले,
आणि दम लागला म्हणून हात टेकवून उभे राहिले
पुढच्या मडगार्डवर,
जिथं सकाळीच मी प्रायमर मारला होता.

ओला होता अजून.
मी सांगितलं नाही.