पहिलं दीड मिनिट

नाउम गाडी घेऊन आला तेव्हा डोंगर धूर सोडत होता.
आम्ही त्याला डोन गोयो म्हणतो,
गल्लीतल्या म्हाताऱ्याला हाक मारावी तसं.
पुएब्लात सगळ्यांच्या धुराची तपासणी होते,
त्याच्याकडे मात्र कुणी कधी प्रमाणपत्र मागितलेलं नाही.

"मोकळा श्वास घेऊ दे तिला, ओतिलिया," नाउम म्हणाला.
बोनेट उघडून धरलं होतं त्यानं,
दंतवैद्यासमोर पोराचा जबडा धरावा तसं.
"टर्बो आहे, आणि नाकात बोळे."

बोळे.
एकोणीस वर्षं मी ते बोळे बसवले,
कारखान्यात, तिसऱ्या लाइनवर,
डावा गुडघा जमिनीला,
तीन बोल्ट, जाड नळी, प्लग, टक्,
आणि पुढची गाडी.
ह्या गाडीतला टक् माझा असेल
किंवा रात्रपाळीच्या चोनिताचा.
बोल्ट सैल होताना ओळख दाखवत नाहीत.

आधी पंप काढला.
मग मागची झडप, मग बारक्या नळ्या,
उन्हानं इतक्या कडक झालेल्या की बोटांत चुरा झाला.
मग कोळशाचा डबा:
टाकीतून उडणारं पेट्रोल रात्रभर पोटात धरणारा,
सकाळी इंजिनाच्या हवाली करणारा,
स्वतःसाठी थेंब न ठेवणारा.
उघड्या भोकावर ॲल्युमिनियमची पट्टी.
आणि संगणकासाठी एक रेझिस्टर:
पंप आहे, पंप ठीक आहे,
असं तो त्याला जन्मभर सांगत राहील.
सांगताना थोडा गरम होतो, एवढंच.

मी नाउमला म्हटलं, वेग वाढणार नाही बरं.
गाडी पळते तेव्हा हा पंप झोपलेलाच असतो.
गार इंजिन सुरू झालं की पहिलं दीड मिनिट
अर्धवट जळलेल्या धुरात हवा फुंकतो,
ओल्या लाकडाच्या चुलीशी बसून
फुंकणीनं फुंकावं तसा.
पेट घेतला की गप्प. दिवसभर गप्प.

"दीड मिनिटासाठी चार किलो!"
नाउमनं हातात तोलून पाहिला.

नऊशे पेसो घेतले मी.
नाकानं कांदे सोलावेत इतकं माझं नाक स्वच्छ नाही.
मागच्या फळीवर खोकी आहेत, प्रत्येकावर गाडीचा नंबर.
नंबरातल्या शेवटच्या आकड्याचा महिना आला
की मालक येतात, मान खाली घालून,
आणि मी जे काढलं ते परत बसवते.
तपासणी झाली की पुन्हा काढते.
कारखान्यात एका गाडीला एकदाच हात लागायचा.

पहाटे साडेपाचला आमची गल्ली कामाला निघते.
मी पांघरुणातच असते.
बेकरीवाल्याची गाडी सुरू होते: घुंऽऽऽ
बारीक, हट्टी, धुण्याच्या यंत्रासारखी.
मग नर्सबाईंची.
माझ्या हातची कुठली ते सांगता येत नाही,
तरी दीड मिनिट मोजते,
आणि आवाज बंद पडला की उठते.

मंगळवारी नाउमची सुरू झाली.
नुसतीच सुरू झाली.
खिडकीतून कच्च्या पेट्रोलचा वास आला,
बराच वेळ राहिला,
आणि मला उठायचं सुचलं नाही.

वर्कशॉपात गेले. खोकं खाली काढलं.
पंप बाकावर ठेवला,
जुन्या बॅटरीच्या दोन वायरी टेकवल्या.
कुत्र्यानं कान टवकारले.
पुढे इंजिन नव्हतं, धूर नव्हता,
तरी तो फुंकत होता.
बाकावर रात्री पडलेली डोन गोयोची राख
ताटाएवढ्या जागेतून उडाली,
खाली माझ्या बाकाचा हिरवा रंग निघाला,
विसरलेच होते मी तो.

दीड मिनिट झाल्यावर वायर काढली.