दोष : नाही

सावद्याच्या स्टँडवर, रसवंतीच्या भिंतीला लागून
सुपडूमामाची टपरी, आणि टपरीला टांगलेली
एक रुपयाची लाल पेटी.
केळीच्या गाड्या भरणारी पोरं तिथून घरी फोन करायची.
त्यांच्या बोटांचा चीक रुपयावर काळा पडायचा.
मामा म्हणायचा, डाग म्हणजे दोष नव्हे,
डाग धुता येतो.

काही नाणी पेटी गिळायचीच नाही.
खटकन् खाली टाकायची, वाटीत.
लोक शिवी हासडून दुसरं काढायचे
आणि मामा ते परत आलेलं मागून घ्यायचा,
चांगला रुपया देऊन,
वर एखादी लिमलेटची गोळी.
"येडं हाये सुपडू."
त्याला चालायचं.

रात्री शटर अर्धं ओढून
डोळ्याला घड्याळजीचं भिंग.
एकाची कड कुरतडलेली, नखाच्या चंद्राएवढी.
एकाचा शिक्का सरकलेला, सिंहांना डोक्यावर जागाच नाही.
एकाचा छापा सरळ, म्हणून उलटून काटा बघावा
तर गव्हाच्या ओंब्या आडव्या निजलेल्या.
साच्याला तडा गेल्याची केसभर रेघ.
आणि एकावर मात्रा बुजलेली :
सत्यमेव जयत,
बोलता बोलता कुणी थांबावं तसं.

प्रत्येकाला लॉटरीच्या जुन्या तिकिटाची पुडी,
आत शिसपेन्सिलीनं तारीख, आणि दोष.

डबे दोन. एक टाकसाळीचा, एक बाजाराचा.
रुळावर ठेवून चपटा केलेला,
ताईतासाठी भोक पाडलेला,
कुणीतरी उगाच कानशीलानं घासलेला,
हे सगळे बाजाराचे.
"मारलेलं अन् चुकलेलं येक नसते, पोरी.
चुकलेल्याले मालूमच नसते."

एकदा त्यानं भिंग माझ्यावर धरलं.
भुवईतली खोक? "सायकल. बाजार."
डावा कान उजव्याहून लहान.
बराच वेळ पाहत राहिला.
"हां. हे टाकसाळीचं. जपजो."

त्याच्या आधीची दोन गेलेली.
म्हणून हा झाला तेव्हा सुपात घालून उकिरड्याकाठी ठेवला,
शेजारणीनं उचलला,
आणि आजीनं सव्वा रुपया मोजून परत घेतला.
यमानंही हातात धरून पाहिला असेल,
खोटा वाटला असेल,
टाकला असेल वाटीत.
एकाहत्तर वर्षं चालला.

भुसावळला प्रदर्शन होतं. टेबलामागचा माणूस
पुड्या सोडत गेला, बांधायच्या राहिल्या.
एवढ्याशा चुकीला गिऱ्हाईक नाही, काका,
मोठी आणा. दोनदा ठोकलेलं, निम्मं कोरं, असं काही.
मामानं एकेक पुडी पुन्हा बांधली.
पॅसेंजरमध्ये दुसखेड्यापर्यंत गप्प,
मग म्हणाला,
"मोठी चूक त कोन्हालेबी दिसते."

पेटी आधी गेली. तार कापून नेली, नंतर पेटीच.
मग मामा.
तेराव्यानंतर डबे माझ्याकडे आले.

टाकसाळीच्या डब्यात, अगदी तळाशी, एक रुपया.
भिंगाखाली फिरवला. कड पुरी.
मात्रा जागच्या जागी. ओंब्या ताठ.
साल साधं, वजन बरोबर,
सोनाराच्या काट्यावरही घालून पाहिलं.
दोन संध्याकाळी मी चूक शोधत होते.
मग सुचलं, पुडी उलगडून बघावी.

नाणं चांगलं. दोष : नाही.
सुरत. तीनदा टाकला.
तिकडून उचलला नाही.

आई लसूण सोलत होती.
विचारलं, सुरतेत आपलं कोण होतं गं?
कोणी नाही, म्हणाली.
दोन-चार पाकळ्या तशाच गेल्या.
मग पदराला हात पुसून तिनं तळवा पुढे केला :
"पाहू दे बरं मले, तो रुपया."