मागचं उजवं

एल्फ्रीडा थीसन आली तेव्हा बाहेर उणे एकतीस.
शटर अर्धंच वर गेलं होतं,
कोडी हीटरपाशी हातमोजे वाळवत उभा.
म्हणाली, दिवा जात नाही.
पिवळा, नालासारखा, मधोमध उद्गारचिन्ह,
जणू काही मीच काहीतरी केलंय.

थंडीत हवा आक्रसते, मी म्हणालो. सवयीनं.
इथे सस्कॅचवानमध्ये नोव्हेंबर लागला
की हे वाक्य दिवसातून दहादा बोलतो.
पारा दहा अंश उतरला की दोन पौंड कमी.
हवा कुठे जात नाही, नुसती अंग चोरून बसते.
गेज लावलं. तेहतीस, तेहतीस, चौतीस, तेहतीस.
साबणाचं पाणी फिरवलं, एक बुडबुडा नाही.
चाकांची काहीच तक्रार नव्हती.

मग विचारलं, लागतो कसा?
किल्ली फिरवली की मिनिटभर लुकलुकतो,
मग ठाम.
हां. म्हणजे हवा नव्हे.
कुणीतरी हजेरी देत नाहीये.

प्रत्येक चाकाच्या पोटात सुपारीएवढं यंत्र असतं.
चाक फिरलं की आपला नंबर पुकारतं.
आठ-दहा वर्षांनी बॅटरी संपते, मग गप्प.
तेच असणार म्हणत मी टायरला तपासणीचा डबा टेकवला.
पहिलं बोललं. दुसरं. तिसरं.
चौथंही बोललं, खणखणीत.
कोडी म्हणाला, सगळी जिवंत आहेत की.

मग चाकांचे नंबर आणि गाडीच्या डोक्यातले नंबर
शेजारी शेजारी मांडले. तीन जुळले.
मागचं उजवं भलत्याच कुणाचं.
गाडी ज्याला हाक मारत होती ते इथे नव्हतं,
आणि जे इथे होतं
त्याला ती ओळखच देत नव्हती.

कधीपासून?
सप्टेंबर. ती कॉफीच्या कपाकडे बघत म्हणाली,
वेंडेल ब्रँडनला गेला त्या आठवड्यापासून.

मग एकेक निघालं. दोन गाड्या,
एकाच साली, एकाच रंगाच्या, घेतल्या तेव्हा सूट मिळाली म्हणून.
एका गॅरेजात आठ हिवाळे, मध्ये हातभर जागा.
टायर तोच बदलायचा, आठही चाकं एका कोपऱ्यात रचून.
कुठल्या ऑक्टोबरात कुणाचं चाक कुणाला लागलं, देव जाणे.
पण दिवा तर कधी लागला नाही, ती म्हणाली.

लागणार कसा.
गावात पंधरा मिनिटांवर कुणी गाडी हाकत नाही,
दिव्याला वीस लागतात.
परत येऊन शेजारी उभी राहिली
की बाजूच्या गाडीतून तिला आपला नंबर ऐकू यायचा,
आहे.
एवढ्यावर तिचं भागत होतं.

आणि लांब जाताना?
लांब जाताना त्याची गाडी.
त्याचा दिवा लागायचा.
त्यानं वर काळी टेप चिकटवली होती.
ती हसली. मग हसणं थांबवायला तिला जरा वेळ लागला.

दोन उपाय आहेत, मी सांगितलं.
चाक परत आणायचं,
नाहीतर जुना नंबर पुसून गाडीला हे चाक शिकवायचं.
किती वेळ लागेल?
शिकवायला दोन मिनिटं.
आणि तिकडे त्याच्या गाडीत? त्याचाही दिवा लागलाच असेल?
असणारच, टेपखाली.

डब्यानं विचारलं, पुसू? होय, नाही.
मी डबा तिच्यासमोर धरला, का ते ठाऊक नाही,
एरवी गिऱ्हाइकाला हात लावू देत नाही.
तिनं हातमोजा काढून दाबलं.

एप्रिलात बर्फ चिखल झाला,
टायर बदलायची रांग पार लाकडाच्या वखारीपर्यंत.
तशीच एक चंदेरी गाडी आली, मॅनिटोबाची पाटी.
उन्हाळी चाकं चढवा, एवढंच म्हणाला.
डॅशबोर्डवर काळी टेप, एक कोपरा सुटलेला.
मागच्या उजव्याला डबा टेकवला.
नंबर मला पाठ होता.

पलीकडे तो कोडीला विचारत होता,
गावातली बेकरी अजून चालू आहे का.
मी नट सोडवले.
टेपचा कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला.