मागची सीट

पहाटे साडेचारला हेरंब भांडुपच्या गल्लीत आला.
हॉर्न नाही, नुसता थ्रॉटल पिळला दोनदा.
खाली उतरलो तर त्याच्या कोपराला
दुसरं हेल्मेट लटकलेलं.
"बस," म्हणाला. एवढंच.
गाडी मी दिवाळीआधी विकली हे सगळ्यांना माहीत होतं,
का विकली, तेही.
डाव्या डोळ्यात आता कायम एक माशी बसलेली असते.
डॉक्टर तिला लांबलचक नावानं हाक मारतात,
ती उडत नाही.

मुलुंड नाक्यावर तन्वीर, पाठीला थर्मास बांधून.
सुलक्षणा, जिची गाडी उभी करायला
तिला फुटपाथ लागतो.
आणि ग्रेगरी, जो बावीस वर्षं म्हणतोय, "आहे रे पेट्रोल,"
आणि ज्याला बावीस वर्षं आम्ही ढकलतोय.
कसा आहेस, असं कुणी विचारलं नाही.
तन्वीरनं माझ्या हेल्मेटची काच रुमालानं पुसली,
डावी बाजू जरा जास्तच.

शहाडच्या पुलावर अंगात थंडी शिरली
ती मुरबाडपर्यंत उतरलीच नाही.
टोकावड्याला हातमोज्यांतच ग्लास धरून चहा,
मग माळशेज.

वाटलं होतं, मागे बसून एकदाचा डोंगर बघता येईल.
इतकी वर्षं काय पाहिलं?
खडी, सांडलेलं डिझेल,
समोरच्या टोमॅटोच्या ट्रकचं मागचं चाक.
पण पहिल्याच वळणाला
माझा उजवा पाय खाली दाबला गेला,
जिथे ब्रेक नव्हता तिथे.
दुसऱ्या वळणालाही.
तिसऱ्याला मी हेरंबच्या आधी कललो
आणि गाडी क्षणभर
दोन मालकांच्या बैलासारखी बावचळली.
"तू चालवतोयस की मी?" तो वाऱ्यात ओरडला.
मी म्हटलं, "बघ बाबा."

मढला जेवलो. मासवडी, बाजरीची भाकरी,
सुलक्षणाच्या सासूच्या गोष्टी,
त्यातली एक तर तिनं तिसऱ्यांदा सांगितली
आणि आम्ही तिसऱ्यांदा हसलो.
हात धुऊन हेल्मेट उचललं, तेव्हा आत दिसलं
किमतीचं लेबल. अर्धवट खरवडलेलं.
मी ते पुन्हा नीट चिकटवून ठेवलं.

परतताना बोगद्याच्या अलीकडेच
ग्रेगरीची गाडी दोन उचक्या देऊन गप्प.
कुणी आश्चर्य सुद्धा केलं नाही.
"उतारच आहे," तो म्हणाला, "जाईल घरंगळत.
तू घे. इंजिन बंद म्हणजे सायकलच की."

मी बसलो.
मुठी धरल्या. गार होत्या.
अंगठा आपोआप स्टार्टरवर गेला.
समोर रस्ता उजवीकडे वळत होता
आणि डावीकडची दरी
मला अर्धीच दिसत होती.
सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले,
तन्वीर तर लेस सोडून पुन्हा बांधू लागला.
मी मागे सरकलो. म्हटलं, "ये."

आणि मग आवाज गेला.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मला घाट ऐकू आला:
टायर डांबरावरून सरकताना होणारी
कोरा कपडा फाडल्यासारखी चर्र,
कपारीतून टपटपणारं उरलंसुरलं पाणी,
खाली कुठेतरी कुणीतरी म्हशीला हाक मारत होतं,
"एऽऽ, फिर माघारी!"
ग्रेगरी काही बोलला नाही, मीही नाही.
किती वळणं गेली, मोजली नाहीत.
पाय मात्र दाबतच होता.

पायथ्याला तन्वीरनं बाटलीतून पेट्रोल ओतलं
आणि शिव्या, त्याच हातानं.

कल्याणपासून पुढे ट्रॅफिक.
डाव्या डोळ्यात प्रत्येक दिव्याला केस फुटलेले,
लाल केसांची एक लांब रांग मुंबईकडे सरकणारी.
मी हेरंबच्या पाठीवर हेल्मेट टेकवलं.
तो म्हणाला, "झोपू नकोस हं."

रात्री बायकोनं मला हलवून उठवलं,
"लाथा काय मारताय?"
लाथा नव्हत्या त्या.
पण कुठलं वळण होतं
ते काही आठवेना.